‘चांगला सप्लायर’ सापडला की काम झालं, हा गैरसमज

कुत्र्या-मांजरांची इलेक्ट्रॉनिक खेळणी आणून विकणाऱ्यांमध्ये एक मत इतकं रुळलं आहे की ते तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. मत असं, की या धंद्यातली खरी परीक्षा सप्लायर निवडण्यात आहे. यीवूच्या बाजारात, ग्वांगझूच्या कॅन्टन फेअरमध्ये किंवा एखाद्या घाऊक पोर्टलवर जुना, नावाजलेला, ‘व्हेरिफाइड’ शिक्का असलेला सप्लायर गाठायचा, त्याच्याकडून सर्टिफिकेटं मागवायची, चार-पाच नग सॅम्पल म्हणून घ्यायचे आणि ते नीट चालले की ऑर्डर टाकायची. पुढे काही बिघडलंच तर नग बदलून द्यायचा, गिऱ्हाईक खूश. असं म्हणणारे लोक अडाणी नाहीत. त्यांनी स्वतःचं भांडवल अडकवून माल आणलेला असतो, न्हावा-शेवा बंदरात कंटेनर अडकल्यावर रोजचं भाडं भरलेलं असतं. तरीही हे मत चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत बऱ्याचदा अशा जिवाला मोजावी लागते ज्याला तक्रार करता येत नाही. माल भरवशाचा निघेल की नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं: खरेदीदाराने ऑर्डरच्या कागदावर काय लिहून घेतलं आणि उरलेले पैसे सोडण्याआधी काय मोजून पाहिलं. सप्लायरच्या नावलौकिकाचा त्यातला वाटा आपण समजतो त्याहून फार लहान आहे.

असं का, हे कळण्यासाठी आधी कायद्यातली मोकळी जागा पाहायला हवी. भारतात मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. पण या आदेशातली खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालच्या मुलांपाशी थांबते. युरोपीय महासंघाचा २००९ चा खेळणी निर्देशही त्याच वयापाशी थांबतो. अमेरिकेत जनावरांच्या खाद्यावर सरकारी देखरेख आहे, त्यांच्या खेळण्यांसाठी मात्र वेगळं संघीय मानक नाही. परिणाम असा, की लहान मुलाच्या हातातलं खेळणं प्रयोगशाळेत ओढून, आपटून, दाबून पाहिलं जातं आणि त्याच खोलीत कुत्र्याच्या जबड्यात असलेल्या खेळण्याला कुणी दाताची कसोटी लावलेलीच नसते. लहान मूल आणि कुत्रं एकाच फरशीवर खेळतात, एकमेकांच्या वस्तू तोंडात घालतात. कायदा मात्र त्या फरशीवर दोन वेगळ्या वस्तू पाहतो.

या मोकळ्या जागेवरून व्यापारात एक निष्कर्ष काढला जातो: ‘पेट टॉयला काहीच लागत नाही.’ तो साफ खोटा आहे. खेळणं आदेशाबाहेर असलं तरी त्याच्या पोटातली रिचार्जेबल लिथियम बॅटरी भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) सक्तीच्या नोंदणीखाली येते. तिचं मानक आयएस १६०४६, आणि नोंदणी क्रमांक ‘आर’ने सुरू होतो. खेळणं ब्लूटूथ किंवा वायफायवर चालत असेल तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची उपकरण-मान्यता लागते. वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या वजनमापे-वेष्टन नियमांनी बंधनकारक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी असलेलं उपकरण आयात करणाराही ‘उत्पादक’ ठरतो आणि वापरून संपलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी त्याच्यावर येते. शिवाय खेळणी आदेशातली व्याख्या केवळ मुलांसाठीच बनवलेल्या वस्तूंपुरती नाही. मुलांनी खेळावं असा उद्देश उघड दिसत असेल, तर इतर उपयोग असूनही वस्तू तिच्यात बसू शकते. डोळे-तोंड रंगवलेला, गाणी वाजवणारा उड्या मारणारा खेकडा ‘मांजरासाठी’ असं खोक्यावर छापल्याने सीमाशुल्क अधिकारी समाधानी होईलच, याची खात्री कुणी देऊ नये.

आता एक वस्तू उघडून पाहू. सध्या सर्वांत जास्त खपणाऱ्या प्रकारांपैकी एक म्हणजे आपोआप घरंगळणारा चेंडू. दोन अर्धगोल, मध्ये एक लहान मोटर, प्लॅस्टिकचे गिअर, तोल ढळवणारं वजन, हालचाल ओळखणारा सेन्सर, चार्जिंगचं सॉकेट आणि पातळ अॅल्युमिनियमच्या पाकिटातला ३.७ व्होल्टचा लिथियम सेल. खरेदीदार रंग, आवाज, दिवे आणि खोक्याची छपाई पाहतो. त्या चेंडूचं सगळं भवितव्य मात्र तीन गोष्टींवर टांगलेलं असतं: कवचाचा जोड किती घट्ट आहे, सेल कुणी बनवला आहे आणि त्याच्यावर संरक्षक सर्किट आहे की नाही. कवच फुटून कुत्र्याचा सुळा त्या पाकिटात घुसला, की आतले थर एकमेकांना टेकतात, सेल तापतो आणि पेट घेऊ शकतो. ही कल्पना नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा शहराच्या अग्निशमन विभागाने २०२४ मध्ये एका घरातलं चित्रण प्रसिद्ध केलं. त्यात कुत्रं लिथियम बॅटरीची पॉवर बँक चावताना दिसतं, ठिणग्या उडतात आणि गादी पेटते. जनावरं बाहेर पडली म्हणून वाचली. पॉवर बँक कुत्र्याने चावण्यासाठी बनवलेली नसते. चेंडू मात्र चावण्यासाठीच विकला जातो.

लहान खेळण्यांत, विशेषतः मांजरांच्या चमकणाऱ्या चेंडूंत आणि लेझरच्या काड्यांत, बटणाएवढे सेल असतात. गिळलेला लिथियमचा बटण-सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यातून वीज वाहते, ऋण टोकाशी तीव्र अल्क तयार होतं आणि ऊतक जळू लागतं. सेल फुटण्याचीही गरज नसते. अमेरिकेत २०२२ साली झालेला ‘रीसेस लॉ’ हा कायदा लहान मुलांच्या अशाच मृत्यूंमुळे आला. तो बटण-सेल असलेल्या सर्वसाधारण ग्राहकवस्तूंना लागू आहे, त्यामुळे जनावरांची खेळणीही त्यात आली. ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून असेच सक्तीचे नियम लागू केले. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेल्या खेळण्याचं बॅटरीचं झाकण एका देशासाठी स्क्रूने बंद होतं आणि दुसऱ्या देशासाठी नखाने उघडतं. कारखाना तोच, सप्लायर तोच, ‘व्हेरिफाइड’ शिक्काही तोच. फरक पडतो तो खरेदीदाराने काय मागितलं एवढ्यावर. ‘चांगला सप्लायर’ या कल्पनेतली सर्वांत मोठी भेग मला इथे दिसते: कारखाना सांगितलं ते बनवतो, आणि न सांगितलेल्या प्रत्येक जागी स्वस्तातलं स्वस्त बसवतो. त्यात लबाडी असेलच असं नाही, त्याच्या धंद्याचं गणितच तसं आहे.

सॅम्पलचंही तेच. पाच नग मागवले, पाचही चालले, म्हणून माल चांगला, हे विधान गणितात टिकत नाही. समजा लॉटमधले तीन टक्के नग सदोष आहेत. तरी पाच नगांत एकही सदोष न निघण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के असते. दहा टक्के सदोष असले तरी ती जवळपास ५९ टक्के राहते. म्हणजे दहातला एक नग खराब असलेला लॉटसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा पाच नगांच्या तपासणीत निर्दोष दिसतो. त्यात सॅम्पलचे नग बहुधा निवडून, कधी हाताने जोडून पाठवलेले असतात. नमुना-तपासणीचं शास्त्र जुनं आणि सर्वांना खुलं आहे: आयएसओ २८५९, आणि आपल्याकडे आयएस २५००. नेहमीच्या पातळीवर बाराशे ते बत्तीसशे नगांच्या लॉटमधून १२५ नग काढायचे. मोठ्या दोषांसाठी स्वीकार्य गुणवत्ता मर्यादा (एक्यूएल) २.५ टक्के ठरवली असेल तर सात सदोष नगांपर्यंत लॉट स्वीकारायचा, आठव्याला नाकारायचा. हे नग खरेदीदाराच्या माणसाने किंवा त्याने नेमलेल्या तपासनिसाने बंद खोक्यांतून स्वतः निवडायचे. वेळ महत्त्वाची आहे. या व्यापारात साधारण तीस टक्के रक्कम आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्याआधी देण्याचा रिवाज आहे. तपासणी त्या सत्तर टक्क्यांच्या आधी झाली तर तिला दात असतात. कंटेनर उतरल्यावर केलेल्या तपासणीतून फक्त दुःख हाती लागतं.

‘पण सर्टिफिकेटं आहेत ना?’ हा पुढचा आक्षेप. कागद असणं आणि कागद या मालाचा असणं यात मोठं अंतर आहे. चाचणी अहवालावर अर्जदाराचं नाव, मॉडेल क्रमांक, तारीख आणि वस्तूचा फोटो असतो. यातलं एकही जुळत नसेल तर तो अहवाल दुसऱ्या कुणाच्या तरी मालाचा आहे. अहवाल क्रमांक प्रयोगशाळेकडे पडताळता येतो आणि बॅटरीचा आर-क्रमांक बीआयएस केअर अॅपवर फुकट तपासता येतो. तेवढंही न करता पीडीएफ फाइलमध्ये ठेवून देणारे पुष्कळ आहेत. युरोपीय बाजारासाठीच्या सीई चिन्हाचं तर आणखीनच: अशा बहुतेक वस्तूंवर ते उत्पादकाचं स्वतःचं घोषणापत्र असतं, कुणी तिसऱ्याने तपासल्याची पावती नसते. लेझरच्या बाबतीत तर छापील आकड्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ लेझर पॉइंटर तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल रंगातले ४४ टक्के नियमांत बसत नव्हते. लेबल एक सांगत होतं, किरण दुसरंच. मांजराच्या डोळ्यासमोर फिरणाऱ्या काडीत यातला कुठला लेझर आहे, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

शिवाय अस्सल अहवालसुद्धा जे तपासतो तेवढंच सांगतो. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणं. चावून भेग पडल्यावर आत जाणाऱ्या लाळेबद्दल त्यात एक अक्षर नाही. चाकाच्या आसाभोवती गुंडाळून मोटर बंद पाडणाऱ्या केसांबद्दल कुठल्याच अहवालात ओळ नसते. आवाजाचं पाहा. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, मांजराला त्याहूनही वर. मोटरचा वेग आवरणारी स्पंदनं आपल्याला त्रास होऊ नये म्हणून बऱ्याचदा वीस हजारांच्या थोडी वर ठेवतात. म्हणजे जे खेळणं ‘एकदम सायलेंट’ म्हणून विकलं जातं, ते ज्याच्यासाठी घेतलं त्याच्या कानाशी सतत किंचाळत असू शकतं. मांजर दोन दिवसांत खेळणं सोडून पलंगाखाली बसतं आणि मालक म्हणतो, ‘आमच्या मनीला आवडलं नाही.’ हे तपासायला उच्च वारंवारता टिपणारा मायक्रोफोन पुरतो. तो लावून पाहा, असं कारखान्याला सांगणारा खरेदीदार मात्र हवा.

सगळ्यात वजनदार आक्षेप छोट्या खरेदीदाराचा आहे आणि तो मी हलका लेखणार नाही. दोनशे नगांची ऑर्डर देणाऱ्याचं कारखाना ऐकेल कशाला? साचा बदला म्हटलं तर फोन ठेवून देईल. खरं आहे. पण भरवसा वाढवणारे बहुतेक बदल साच्याचे नसतातच. सेल कोणत्या कंपनीचा, त्याचा आर-क्रमांक काय, संरक्षक सर्किटसह सेलचा जवळून घेतलेला फोटो, झाकणाला स्क्रू, खोक्यावर उत्पादनाची तारीख आणि लॉट क्रमांक: यातलं काहीही दोनशे नगांतही मागता येतं. टाइप-सी सॉकेटचंच पाहा. त्याच्या दोन सीसी पिनांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रोधक जोडलेला नसेल, तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या यूएसबी केबलवर मात्र तेच खेळणं चार्ज होतं. काही पैशांचे ते दोन रोधक गाळले जातात आणि ‘चार्जच होत नाही’ म्हणून चांगले नग परत येतात. ऑर्डरमध्ये एक ओळ आणि तपासनिसाच्या पिशवीत एक केबल एवढ्याने हे थांबतं. क्रॉफर्ड मार्केटातल्या आयातदाराकडून दोन डझन नग उचलणाऱ्या साताऱ्याच्या किंवा मडगावच्या दुकानदारालाही पक्कं बिल, वेष्टनावर आयातदाराचा पत्ता आणि आर-क्रमांक मागता येतो. वीस मॉडेलं दहा-दहा नग घेण्याऐवजी चार मॉडेलं पन्नास-पन्नास घेतली, की त्याच पैशांत शब्दाला वजन येतं. चार दुकानदारांनी मिळून एक तपासनीस नेमायलाही कुणाची बंदी नाही.

‘गिऱ्हाईक फक्त किंमत पाहतं’ हा आक्षेप मात्र हिशेबात उतरवला की विरघळतो. समजा नग ३५० रुपयांना पडला आणि ४५०ला विकला, नफा १००. एक नग परत आला तर बदली नगाचे ३५० आणि कुरिअरच्या दोन फेऱ्यांचे १२०, असे ४७० जातात. शंभर नगांत दहा परत आले की दहा हजारांच्या नफ्यातले ४,७०० गेले. चांगला सेल आणि तपासणी यांपायी नगामागे वीस रुपये जास्त मोजून परतावा दोन नगांवर आणला, तर खर्च २,००० अधिक ९८० (बदली नगही आता वीस रुपयांनी महाग), म्हणजे २,९८०. किरकोळ किंमत एक रुपयाही न वाढवता १,७२० रुपये वाचले. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. परताव्याचा खर्च न धरता काढलेला दर हा दरच नव्हे, एवढं कुठल्याही आकड्यांत दिसेल. आपल्या हवामानाचाही यात वाटा आहे. लिथियम सेल सहसा पंचेचाळीस अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि विदर्भात मे महिन्यात बाहेरचाच पारा त्याच्या वर जातो. पत्र्याच्या गोदामात महिनोन्‌महिने पडलेला, आधीच हलक्या प्रतीचा सेल पार उतरून जातो. असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. खरेदीचा महिना आणि सेलची तारीख पाहणंही भरवशाच्या खरेदीतच मोडतं.

‘चिनी माल सोडा, देशी घ्या’ या उत्तराबद्दल थोडक्यात. देशात उत्पादन वाढावं ही इच्छा योग्यच आहे. पण इथे जोडलेल्या खेळण्यातला सेल, मोटर आणि सेन्सर बहुधा त्याच शेन्झेनहून आलेले असतात. कवचावर कुठल्याही देशाचं नाव असलं तरी सेल कुणाचा हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि देशी कारखानदारालाही तो तितक्याच ठामपणे विचारायला हवा.

जबाबदारी कुणाची हा वाद कायद्याने तर मिटवलाच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं चिन्ह लावणारा ‘उत्पादक’ धरला जातो. यीवूच्या चेंडूवर स्वतःचा ब्रँड छापून घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दोनदा वाचावं. ब्रँड न लावणारा विक्रेताही सुटत नाही: मूळ उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याला भारतीय कायदा लागू होत नसेल, तर उत्पादन-दायित्व विक्रेत्यावर येतं. वस्तू तपासण्यात वाजवी काळजी घेतली नाही, हेही स्वतंत्र कारण आहे. नुकसानीच्या व्याख्येत इतर मालमत्तेची हानी येते आणि कायद्याच्या लेखी पाळलेलं जनावर मालकाची मालमत्ता असतं. तेव्हा ‘सप्लायरने असाच पाठवला’ हे उत्तर ग्राहक आयोगासमोर बचाव ठरणार नाही. सप्लायर परदेशात आहे, आयोगासमोर उभे तुम्ही राहणार आहात.

भारतीय मानक ब्यूरोने जनावरांच्या विजेवरच्या खेळण्यांसाठी निदान ऐच्छिक मानक तरी करावं, आणि त्यात दात, लाळ, केस आणि कानाला न झेपणारा आवाज या चारही गोष्टी याव्यात, अशी माझी मागणी आहे. ते होईपर्यंत या वस्तूच्या आणि जनावराच्या मध्ये उभा असलेला शेवटचा माणूस खरेदीदार आहे. म्हणून घाऊक आणि किरकोळ, दोन्ही व्यापाऱ्यांना विनंती: पुढच्या ऑर्डरच्या कागदावर सेलचा उत्पादक, त्याचा नोंदणी क्रमांक आणि तपासणीची अट लिहा, सत्तर टक्के रक्कम तपासणी झाल्यावरच सोडा, आणि सेल कुणाचा हे सांगायला जो तयार नाही त्याचा माल घेऊ नका, दर कितीही चांगला असो.